न जेवणाऱ्यांची पंगत

एका राज्यात लढाई पेटली होती, आणि ती संपत नव्हती म्हणून राजा खुशीत होता. खुशीत का, ते ऐका. इतर राजांचे शिपाई लढाईत मरतात, तसे याचेही मरत. पण सांज झाली की उठत, अंगावरची माती झटकत आणि छावणीत येऊन पंगतीला बसत. उजाडलं की पुन्हा लढायला हजर. शत्रूच्या शिपायांचीही तीच गत. मग लढाई संपावी तरी कशी? पण राजा रणधवल मिशीला पीळ देऊन म्हणे, "माझं सैन्य घटत नाही." आता अशा शहाण्याला कोण काय सांगणार?

ही करणी कपालसेन नावाच्या मांत्रिकाची. त्याने मंत्र घालून कावळ्यांच्या म्हाताऱ्या राजाला पिंजऱ्यात कोंडलं आणि पिंजरा राजाच्या तंबूपुढे टांगला. बाकीचे कावळे राज्य सोडून गेले. कावळाच नाही तर पिंडाला शिवणार कोण? आणि पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेला जीव जाणार कुठे?

गावोगाव बायका दारात बसून असत. रडावं तर माणूस मेला म्हणत नाहीत, हसावं तर तो घरी येत नाही. अशाच एका घरात कमळजा आणि तिची आई राहत होत्या. कमळजेचा थोरला भाऊ रायाजी लढाईवर गेला तो गेलाच. आई रोज त्याचं पान वाढी आणि रोज झाकून ठेवी.

एके दिवशी दवंडी आली, घरटी आणखी एक गडी पाठवा. घरात गडी कुठला? कमळजेने केस वर बांधले, त्यावर रायाजीचं जुनं पागोटं चढवलं आणि त्याची जुनी तलवार कमरेला लावली.

"एक गेला, आता तुलाही धाडू का?" आई म्हणाली.

"दादाला घेऊन येते," कमळजा म्हणाली आणि निघाली. छावणीत तिने नाव सांगितलं सोमाजी. छावणीत बाई सापडली तर तिचं शीर उडवायचं, असा राजाचा हुकूम होता.

सांजेला पंगत बसली. केवढी लांब पंगत, पण भुरका नाही, ढेकर नाही, कुणी मीठ मागत नाही. तेवढ्यात तिला रायाजी दिसला. तिचा जीव सुपाएवढा झाला. ती धावत जाऊन त्याच्या शेजारी बसली.

"दादा, जेव की," ती हळूच म्हणाली.

रायाजीने मान वर केली नाही. भात निवून गेला. त्यावर माशीसुद्धा बसली नाही. मग तिने त्याची पाठ पाहिली. अंगरख्याला भोक होतं, आणि भोकातून पलीकडची मशाल दिसत होती. कमळजेने पागोट्याचं टोक तोंडात कोंबलं आणि आतल्या आत रडली. तिथे शिपायांनी रडायचं नसतं.

सकाळी पिंजऱ्यातून आवाज आला. "पोरी, इकडे ये."

"मी सोमाजी आहे," ती म्हणाली.

"पागोट्याने माणसं फसतात. मी कावळा आहे. भावाला सोडवायचं असेल तर आधी मला सोडव. मेलेल्याच्या पत्रावळीतला मूठभर भात आण, पण त्याने मान वर करता कामा नये. नदीपलीकडच्या, शत्रूच्या काठावरचं द्रोणभर पाणी आण, थेंब सांडता कामा नये. ते मला भरव आणि राजासमोर आपलं खरं नाव सांग. खोट्या नावाच्या हाताने ही कडी निघत नाही."

"नाव सांगितलं तर माझं शीर उडेल."

"उडेलही," कावळा म्हणाला. "खोटं कशाला सांगू?"

त्या सांजेला तिने रायाजीच्याच पत्रावळीत हात घातला. मान खालीच ठेवून त्याने तिचं मनगट धरलं. गारठवून टाकणारा हात तो. किती वेळ धरलं कोण जाणे, पण मग सोडलं. भात तिच्या मुठीत होता.

पाण्यासाठी ती नदी उतरून पलीकडे गेली. तिथेही पंगत बसली होती, तशीच मुकी. एक शिपाई जरासा सरकला आणि शेजारची जागा हाताने झाडून म्हणाला, "बस."

"मला बसता येत नाही. घरी आई वाट बघते."

"माझीही बघते," तो म्हणाला आणि पुन्हा पत्रावळीकडे बघू लागला. कमळजेने द्रोण भरला आणि थेंब न सांडता परतली.

कावळ्याला भात भरवला, पाणी पाजलं. तोवर राजा बाहेर आला, मागून कपालसेन आला.

"कोण रे तू?" राजाने विचारलं.

तिने पागोटं काढलं नाही, पण कडीवर हात ठेवला. "मी कमळजा. रायाजीची बहीण."

कडी निघाली. राजाने तलवार उपसली, पण ती चालण्याआधी कावळा सुटला. तो थेट कपालसेनाच्या खांद्यावर बसला आणि त्याला चोच लावली. मांत्रिक उभ्या उभ्या राख झाला. तो स्वतःच मेलेला होता, पण त्याच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता, त्याला युगं लोटली होती. जायचं नव्हतं म्हणून त्याने ही सगळी उठाठेव केली होती.

मंत्र तुटला तसे राजाला आपले शिपाई दिसले, जसे होते तसे. कुणाला छाती नव्हती, कुणाला चेहरा नव्हता. राजाच्या हातातली तलवार गळाली.

"आता काय करू?" त्याने विचारलं.

"भात शिजव," कावळा म्हणाला.

राजाने आपल्या हाताने पिंड वळले. दोन्ही काठांवर पिंडांच्या ओळी लागल्या, आणि कावळ्यांनी आभाळ काळं झालं. एकेका पिंडाला कावळा शिवे आणि एकेक शिपाई गवतावर आडवा होई. पलीकडचा तो शिपाईही निजला. शेवटी एकच पिंड राहिला, रायाजीचा. म्हातारा कावळा त्याच्यापाशी बसला आणि त्याने मान फिरवली.

कमळजेने हात जोडले. "दादा, आईला सांभाळीन."

कावळा हलला नाही.

"तुला मारणाऱ्याला शोधीन. सूड घेईन."

कावळा दोन उड्या मागे सरला.

"तुझी तलवार खाली ठेवणार नाही. तुझ्या जागी मी उभी राहीन."

कावळा उडाला आणि झाडावर जाऊन बसला. रायाजी काठावर उभाच होता. आता त्याने मान वर केली होती आणि तो तिच्याकडे बघत होता, तिच्या डोक्यावरच्या पागोट्याकडे, कमरेच्या तलवारीकडे. मेलेल्या माणसाच्या डोळ्यांत एवढी काळजी कमळजेने पहिल्यांदा पाहिली. तिला हुंदका आवरेना. तिने पागोटं उतरवलं, तलवार सोडून पिंडाशेजारी ठेवली. केस खांद्यावर पडले.

"दादा," ती म्हणाली, "मी घरी जाते."

कावळा खाली आला आणि शिवला.

राजाने लढाई मोडली आणि उरल्यासुरल्यांना घरी धाडलं. कमळजा गावी पोचली तेव्हा आई दारातच बसली होती. लेकीच्या मागे कोणी नाही हे तिने पाहिलं.

मग तिने एवढंच विचारलं, "शिवला का गं?"

"शिवला, आई. पण लवकर नाही शिवला."

आईने कपाळावर हात मारून घेतला आणि मोठ्याने रडू लागली. आवाज ऐकून शेजारणी आल्या, त्याही रडल्या. किती वर्षांनी त्या गावाला रडता आलं.