अजबराव महाराजांची मुकी पालखी

"उद्या दुधाचा काठोकाठ भरलेला पेला हातात धरून मी पालखीतून घाट चढणार! एक थेंब जरी सांडला, तर चौघे भोई बायकापोरांसकट राज्याबाहेर! आणि खबरदार, वाटेत कुणी चकार शब्द काढायचा नाही!" अजबराव महाराजांनी फर्मान सोडलं आणि कपाळावरचं टेंगूळ चोळलं.

टेंगूळ त्यांनी स्वतःच ओढवून घेतलेलं. पालखीचे पुढचे भोई वाट बघून ओरडतात, "धोंडा आला!", "उजवीकडं खड्डा!" मागच्यांना दिसते फक्त पालखी, ते ऐकूनच पाऊल टाकतात. बापजाद्यांपासूनची रीत! पण महाराजांची डुलकी मोडते म्हणून महिन्यापूर्वी भोयांची तोंडं बंद झाली. तेव्हापासून पालखी नुसती हिंदकळत होती आणि महाराजांचं डोकं दांडीवर आपटत होतं. पुढचे म्हणत, "मागचे झोपा काढतात." मागचे म्हणत, "पुढचे मुद्दाम पाडतात." भांडणं इतकी वाढली, की एकमेकांच्या घरी पाणी पिणंही बंद झालं.

मागचा भोई हैबती. त्याची बायको कोंडाई. आता गाव सुटणार, हे तिला दिसत होतं. पण रडत बसेल तर ती कोंडाई कसली! सकाळी ती पालखीपुढं जाऊन उभी राहिली.

"म्हाराज, आमचे गडी अडाणी. मुक्यानं पालखी कशी न्यायची त्यांना ठावं न्हाई. आपण एकदा दाखवा, पहिल्या वळणापतुर. मी आत बसते पेला धरून."

"ही आत बसणार?" प्रधान त्रिंबकपंत किंचाळले.

"ऱ्हाऊ द्या मग. म्हाराजांना जमत नसंल."

"जमत नसेल?" महाराज उसळले. "त्यात काय अवघड आहे! पंत, खजिनदार, सेनापती, लावा खांदा!"

"म्हाराज मागं हवेत," कोंडाई म्हणाली. "चढणीला समदा भार मागं येतो. तिथं बळ लागतं!"

महाराज खूश! ते आणि सेनापती मागे, पंत आणि खजिनदार पुढे. पालखी उठली. दहा पावलं झाली न झाली, पंतांना वाटेत धोंडा दिसला. त्यांनी तो मुकाट्यानं ओलांडला. मागून महाराजांचा अंगठा त्यावर थाडकन आपटला!

"आई गं! पंत, धोंडा आहे हे सांगायला दातखीळ बसली होती का?"

"आपलंच फर्मान, महाराज!"

"माझा खांदा सरळ होता हं!" खजिनदार म्हणाले.

"मुळात पंत चालतातच वाकडे!" सेनापती गुरगुरले.

दुधानं भिजलेली कोंडाई पालखीतून डोकावली.

"म्हाराज, आमच्या अडाण्यांनी भांडायला म्हैना लावला. तुम्हा शहाण्यांना दहा पावलं पुरली! आता राज्याबाहेर कोण जाणार, तेवढं सांगा!"

महाराज लालबुंद झाले, मग अंगठा धरून खो खो हसत तिथंच बसले. फर्मान रद्द झालं. हातातलं सोन्याचं कडं त्यांनी कोंडाईला दिलं आणि लंगडत पालखीत चढले.

"उचला रे! आणि बोंबला, घसा फाटेस्तोवर बोंबला!"