शेवटच्या फळीचा प्रश्न

कोरजण्याच्या खाडीकाठी, मोंडकरांच्या गोदीच्या टोकाला एक जुने गलबत चिखलात रुतून बसले आहे. वरचे सगळे कुजून गेले. खालच्या काळ्या फळ्या उरल्या आहेत, आणि डाव्या कुशीत माणूस वाकून जाईल एवढे भगदाड.

परदेशात नौकाबांधणी शिकताना केतकी मोंडकरला हे भगदाड आठवायचे. तिला वाटायचे, आपण परत जाऊ, बाबा आपल्या आराखड्यांवर वाकून बघतील, या खाडीत धूर न सोडणाऱ्या होड्या तरंगतील. परतल्यावर मिळाली ती ऑफिसातली खिडकीजवळची खुर्ची. आराखडे कपाटात गेले. गोव्याच्या एका गोदीने तिला बोलावले, तेव्हा बाबा नुसते हसले.

"घरची गोदी सोडून लोकांच्या दारात? आमच्यातला कोण भायर जाणा नाय गो."

एके दुपारी, गोदीत पुऱ्या होत आलेल्या नव्या नौकेचे मालक, वेंगुर्ल्याचे दोघे भाऊ, काम बघायला आले. बाबांनी सगळ्या गिऱ्हाइकांना नेतात तसे त्यांनाही जुन्या गलबतापाशी नेले आणि त्याची गोष्ट सांगितली. केतकी चहाची किटली घेऊन मागे उभी राहिली.

असे सांगतात, की ही गोदी रवळू मोंडकराने घातली. त्याचा धाकटा भाऊ गोमा. फळ्यांच्या फटींत कापूस ठासावा तर गोमानेच, पाण्याचा थेंब आत यायचा नाही. पण त्याला तांडेल होऊन समुद्रावर जायचे होते. रवळू म्हणायचा, एवढे गलबत होऊ दे, मग जा. एक व्हायचे, की दुसऱ्याचा कणा मांडलेला असायचा. अखेर गोमाने सांगितले, हे शेवटचे. तेव्हा तो आत कापूस ठासत असतानाच रवळूने वरची झडप बंद केली आणि बाहेरून शेवटची फळी ठोकून टाकली. पाण्यात उतरेपर्यंत राहू दे आत, डोके थंड होईल.

दुसऱ्या दिवशी गाव दोर ओढायला जमला. दोर तुटले म्हणे, पण गलबत ओंडक्यांवरून तसूभर सरकले नाही. रवळूने फळीला कान लावला. आतून हाक नाही, शिवी नाही. नुसती टोक टोक. गोमा कापूस ठासत होता. ज्या फळीने त्याला कोंडले, तिच्याच फटी तो आतून बुजवत होता.

रवळूने ती फळी नुसत्या हातांनी उपटली. गोमा वाकून बाहेर आला आणि मागे न बघता खाडीकाठाने चालू लागला. गलबत तिथेच राहिले. रवळूने शपथ घेतली, की या गोदीत दर नौकेची शेवटची फळी हातात घेऊन घरच्या कर्त्याने बाकीच्यांना विचारायचे, बाहेर कोणाला जायचे आहे. 'हो' म्हणेल त्याला अडवले, तर नौका पाण्यात उतरणार नाही.

"मगे, गेलो काय कोण कधी?" वेंगुर्ल्याच्या धाकट्या भावाने विचारले.

"छे! विचारूचा म्हणान विचारूचा. सगळे 'नाय'च म्हणतत."

"आणि कोणी हो म्हटल्यान तर?"

"तर तुमची होडी थांबतली!" बाबा म्हणाले. तिघेही खदखदून हसले.

केतकीच्या कानात मात्र ती टोक टोक राहिली. गेल्याच महिन्यात तिने ऑफिसातल्या खुर्चीला नवी गादी शिवून घेतली होती. आपणहून.

आजही त्या गोदीत शेवटच्या फळीआधी घरची माणसे शिडीने नौकेच्या पोटात उतरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी काका उतरले, दोघे चुलतभाऊ उतरले, मागोमाग केतकी. झडप बंद झाली. आत राळेचा वास आणि काळोख, उजेड काय तो शेवटच्या फळीसाठी सोडलेल्या, माणूस वाकून जाईल एवढ्या फटीचा. फटीपलीकडे बाबा, हातात फळी.

"कोणाक भायर जावचा आसा?"

"नाय," काका म्हणाले. "नाय," भाऊ म्हणाले. बाबांनी फळी उचललीसुद्धा.

"माका," केतकी म्हणाली. "बाबा, माका जावचा आसा."

फळी तशीच अधांतरी राहिली. केतकी वाकली आणि तिने फटीतून पहिला पाय बाहेर टाकला.