जिथे चहा निवत नसे

एका डोंगराळ गावात शांतवन साळवे नावाचा प्राध्यापक राहत होता. कॉलेजात तो वनस्पतिशास्त्र शिकवी, पण जीव त्याचा गिटारमध्ये होता. पंधराव्या वर्षी तो ब्लूज शिकला. दूर देशीच्या राबणाऱ्या माणसांनी आपले दुःख हलके व्हावे म्हणून रचलेली ती गाणी. ती त्याला पुढे कधी सुटली नाहीत. मात्र घरी बायको एस्तेर होती, सात वर्षांची करुणा होती, आणि तपासायच्या पेपरांचे गठ्ठे होते. गिटारच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास येई. ते त्याला सलत असे.

एके दुपारी कॉलेजच्या मागच्या बोळात त्याला एक दार उघडे दिसले. आत बिनखिडकीची खोली होती आणि एक खुर्ची. हातातला चहा त्याने बाहेरच्या कट्ट्यावर ठेवला, आत बसला आणि खांद्यावरची गिटार काढून वाजवू लागला. चार तास तरी गेले असतील. तहान लागली नाही, भूक लागली नाही. तास बुडाला म्हणून तो धावत बाहेर आला, तर चहातून अजून वाफ निघत होती.

त्यानंतर तो रोज तिथे जाऊ लागला. आत कधी दिवसभर राही, कधी आठवडाभर, पुढे पुढे तर महिनोन्महिने. बाहेर आला की तीच दुपार, तोच चहा. त्याचा एकही तास चुकला नाही. घरीही तो वेळेवर पोचे. आपल्याला सगळे साधले, असे त्याला वाटले.

जेवताना एस्तेरने त्याचा हात पाहिला. "कालच तर नखं कापलीत तुम्ही."

"नीट कापली नसतील," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात त्याचे केस पांढरे झाले. सहा महिन्यांत विद्यार्थी त्याला जिन्यावर हात देऊ लागले. एस्तेर डॉक्टरांकडे चला म्हणाली. तो म्हणाला, "परीक्षा होऊ दे."

एकदा खोलीत कित्येक वर्षे काढून तो तसाच करुणाला शाळेतून आणायला गेला. ती बाईंच्या मागे सरकली. "मला न्यायला माझे बाबा येणार आहेत," ती म्हणाली.

"अगं, मीच आलोय."

आवाज तिने ओळखला. चेहऱ्याकडे मात्र ती बराच वेळ पाहत राहिली. ती सोबत चालली, पण हात तिने दिला नाही.

दुसऱ्या दिवशी शांतवन पुन्हा खोलीत गेला. आजवरचे सर्वांत चांगले गाणे थोडेसेच बाकी होते. एवढे पुरे करू आणि थांबू, असे त्याने ठरवले. बसताना त्याची नजर प्रथमच कोपऱ्यात गेली. तिथे कुणाचे तरी जुने बूट होते. नाड्या घट्ट बांधलेल्या, आत मोजे तसेच उभे. ते कुणी पायांतून काढलेले नव्हते; घालणारा माणूसच आतून विरून गेला होता.

गाणे तसेच अपुरे टाकून तो बाहेर आला. घरी जाऊन त्याने एस्तेरला सगळे सांगितले.

"किती वर्षं गेली?" तिने विचारले.

"मोजली नाहीत."

"आणि हे आमचा वेळ मोडू नये म्हणून?"

"तसंच वाटलं होतं."

"वाजवू नका, असं मी कधी म्हटलं का?" एस्तेर म्हणाली.

ते दार बुजवायला त्याने गवंडी बोलावला. गवंड्याने दार उघडून पाहिले आणि तो म्हणाला, "सर, इथं खोली कुठाय? दारामागं निव्वळ दगडाची भिंत आहे."

शांतवन त्यानंतर नऊ वर्षे जगला. खोलीत बसवलेले एकही गाणे त्याच्या म्हाताऱ्या बोटांना झेपले नाही, आणि ती गाणी दुसऱ्या कुणी ऐकलेली नव्हती. सोपी तीन-चार तेवढी जमत. ती तो स्वयंपाकघरात बसून वाजवी. एस्तेर कुकरच्या शिट्ट्या मोजी, करुणा मध्येच गणित विचारी, सूर तुटे. मग "कुठवर आलो होतो?" असे तो विचारी, आणि त्या दोघी गुणगुणून सांगत.

तात्पर्य: आवडीसाठी आपल्या माणसांपासून लपवून काढलेला वेळ आपल्याच आयुष्यातून जातो; जे आवडते ते त्यांच्यात बसून, थोडेच का होईना, करावे.