दसऱ्याच्या दिवशी कापलेली तार

एकदा एका वृद्ध मिस्त्रींनी ऐन दसऱ्याच्या दिवशी, पाहुण्यांनी भरलेल्या कारखान्यात, आपल्याच शिष्येने बांधलेल्या यंत्राची तार सर्वांदेखत पक्कडीने कापली. शहाणा माणूस असं का करेल, हा प्रश्न तिथे हजर असलेल्या चाळीस माणसांनाही पडला होता. त्यांच्यापैकी निम्म्यांनी तर मिस्त्रींचं वय झालं, असा निकालही देऊन टाकला.

मिस्त्रींचं नाव दाजीबा. त्यांच्या हाताचा लौकिक असा, की लोखंडाच्या दोन पट्ट्यांवरून अंगठा फिरवून कोणती पट्टी पाव केसाने जाड आहे, हे ते डोळे मिटून सांगत. एकदा म्हणे नुसत्या वासावरून त्यांनी एक बेअरिंग कधी निकामी होणार ते सांगितलं, वारासकट, आणि बेअरिंगनेही त्यांचा शब्द पाळला. अशा माणसाच्या हाताखाली अश्लेषाने पाच वर्षं काढली आणि अखेर स्वतःचं पहिलं यंत्र बांधलं. संगणकाच्या हुकमाने सागवानी दारांवर वेलबुट्टी कोरणारं. पलंगाएवढं टेबल, त्यावरून धावणारी लोखंडी कमान, आणि कमानीला गरगर फिरणारं पातं.

अशा यंत्राची एक गंमत असते. वीज गेली आणि परत आली, की आपण कुठे उभे आहोत हेच ते विसरतं. म्हणून सकाळी कामाला लागण्यापूर्वी ते आधी आपलं घर शोधतं. कमान सरकत सरकत टेबलाच्या टोकाला जाते. तिथे बोटाएवढा एक सेन्सर बसवलेला असतो. लोखंड दोन-तीन मिलिमीटरवर आलं, की स्पर्शावाचूनच तो ते ओळखतो आणि तारेतून कळवतो, घर आलं. यंत्र थांबतं, त्या जागेला शून्य मानतं आणि पुढचं सगळं जग तिथून मोजतं.

दरवाज्यांचे व्यापारी पोपटशेठ दसऱ्याला हे यंत्र पाहायला येणार होते. पसंत पडलं तर त्याच मुहूर्तावर ट्रकवर चढवायचं, नाहीतर परगावचं आयतं यंत्र आणायचं, असं त्यांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं. बाईने बांधलेलं यंत्र घ्यायला तयार झालेलं हे पहिलंच गिऱ्हाईक. ते परत गेलं, तर अश्लेषाला पुन्हा दुसऱ्यांच्या यंत्रांना तेलपाणी करत बसावं लागणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि गावालाही.

दसरा उजाडला. यंत्राला झेंडूचा हार पडला, हळदकुंकू लागलं. अश्लेषाने कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे शेवटची तपासणी केली. सेन्सरसमोर स्क्रूड्रायव्हर धरला, तर सेन्सरच्या पाठीवरचा इवलासा लाल दिवा लागला. स्क्रूड्रायव्हर काढला, दिवा विझला. झालं. सगळे कारागीर हीच तपासणी करतात आणि सगळे इथेच थांबतात. दाजीबांनी आपली दुपारी झोपायची उशी तेवढी मागवली आणि टेबलाच्या टोकाला सुतळीने बांधली. यंत्राला उशी कशाला, असं कुणी विचारलं नाही. दसऱ्याला यंत्राला कसलाही मान देतात.

पोपटशेठ आले, नारळ फुटला, अश्लेषाने बटण दाबलं. कमान ऐटीत निघाली. लोक माना उंचावून पाहत होते, आणि नेमक्या त्याच वेळी दाजीबा शांतपणे वाकले. सेन्सरच्या तीन तारांपैकी निरोप नेणारी काळी तार त्यांनी पक्कडीत धरली आणि कट्‌ करून तोडली.

कमान थांबली नाही. घर आलं, घर मागे पडू लागलं, तरी ती धावतच राहिली. धाडकन ती टोकावर आदळली, उशी फाटली आणि कापूस असा उसळला, की चाळीस माणसं एका क्षणात म्हातारी दिसू लागली. अश्लेषाने झेप घेऊन लाल बटण दाबलं, तेव्हा कुठे मोटरचं कण्हणं थांबलं.

पोपटशेठांनी मिशीवरचा कापूस झटकला. “दारं कोरून दाखवायला बोलावलंत, आणि गाद्या पिंजून दाखवताय होय?”

लोक हसले. अश्लेषाचा चेहरा मात्र कुंकवापेक्षा लाल झाला होता. “दाजीबा, तार तुम्ही कापलीत. यात यंत्राचा काय दोष?”

“उद्या उंदीर कापेल,” दाजीबा म्हणाले. “त्यालाही असंच विचारशील?”

मग ते तिच्याजवळ आले. “पोरी, तुझा हा पहारेकरी घर आल्यावरच बोलतो. एरवी गप्प. मग तो गप्प असला की यंत्राने काय समजावं? घर अजून लांब आहे, की पहारेकरीच मेला? दोन्हींचं मौन सारखंच. यंत्र बिचारं त्यातलं बरं ते समजतं आणि धावतं. स्क्रूड्रायव्हर धरून तू दिवा पाहिलास. दिव्याने एवढंच कळलं, की तो बोलला. ते पलीकडे ऐकू गेलं का, हे दिवा सांगत नाही. त्याला उलटं शिकव. ‘सर्व ठीक, सर्व ठीक’ असं त्याने अखंड म्हणत राहावं, आणि घर येताच थांबावं. मग घर येवो, तार तुटो, नाहीतर तो स्वतः जळून जावो, आवाज थांबेल. आणि आवाज थांबला की यंत्र थांबेल.”

अश्लेषाने शेठजींकडे एक तास मागितला. शेठजी चहाला बसले, अर्थात मधूनमधून टोमणे मारत. तिने कपाटातून दुसऱ्या जातीचे सेन्सर काढले. दिसायला हुबेहूब तसेच, पण लोखंड समोर नसताना अखंड बोलणारे आणि लोखंड आलं की मुके होणारे. लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांना एकेक असलेले तीन बदलले, संगणकालाही नवी भाषा समजावली. तासाला दहा मिनिटं कमी असताना ती बाहेर आली आणि पक्कड तिने थेट पोपटशेठांच्या हातात ठेवली.

“आता तुम्ही कापा, शेठ. वाटेल ती, वाटेल तेव्हा.”

शेठजी व्यापारी होते. काळ्या तारेची हिने तजवीज केली असणार, हे त्यांनी ताडलं. कमान निम्म्या वाटेवर आली आणि त्यांनी काळी सोडून तपकिरी तार, म्हणजे सेन्सरला वीज पुरवणारी, तोडली. पुढच्या रांगेतली माणसं दोन पावलं मागे हटली. कमान जागच्या जागी थबकली. जराशी मागे सरून तिने कानोसा घेतला, आवाज काही परत येईना, तेव्हा तांबडा दिवा लावून ती तिथेच खिळून राहिली. शेठजींनी तार जोडायला लावली आणि पुन्हा तोडली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर त्यांचा नातूच ओरडला, की आजोबा, आता मला द्या.

शेठजींनी पक्कड दिली नाही. ती हातात धरून ते तुटलेल्या तारेकडेच पाहत राहिले. अश्लेषाला वाटलं, सौदा मोडला. मग ते म्हणाले, “ट्रक बोलवा.” कारखान्यात एकच गलका झाला. तो ओसरल्यावर ते दाजीबांना हळू आवाजात म्हणाले, “नदीपलीकडे माझी लाकडाची वखार आहे. तिथे एकटा म्हातारा राखणदार असतो. त्याला मी बजावलंय, काही बिघडलं तरच फोन कर. बारा दिवस झाले, फोन नाही. मी खुशीत होतो.”

दाराबाहेर जाऊन त्यांनी राखणदाराला फोन लावला. घंटी बराच वेळ वाजत राहिली. अखेर पलीकडून कुणीतरी धापा टाकत विचारलं, काय झालं शेठ, काही चुकलं का?

“काही नाही रे,” शेठजी म्हणाले. “रोज संध्याकाळी एक फोन करत जा, एवढंच सांगायचं होतं.”

ज्यांच्या गप्प राहण्याला आपण खुशाली समजून चाललो आहोत, त्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचतो आहे ना, हे आजच पाहावं.