रुईचं एक पान

शहरात होती एक टेकडी. चारी बाजूंना उंच उंच इमारती, मध्ये टेकडी. टेकडीवर रुईचं झुडूप. झुडपावर राहायची एवढुशी अळी. अंगावर पट्टे काळे, पिवळे, पांढरे. ती खायची फक्त रुईचं पान. दुसरं काही दिलं की तोंड फिरवायची. आहे ना असं कुणी ओळखीचं?

शनिवार आला. हारवाली सगुणामावशी आली. मारुतीच्या हारासाठी तिने पानं खुडली. खुड खुड खुड. सगळीच खुडली! अळी राहिली काडीवर. उपाशी.

अळी म्हणाली, "रुई गं रुई, पान दे."

रुई म्हणाली, "माझा घसा कोरडा. मातीने पाणी दिलं, तर पान देते."

निघाली अळी. लुटूलुटू, लुटूलुटू.

"माती गं माती, पाणी दे. रुई पान देईना, माझी भूक जाईना!"

माती म्हणाली, "पाणी राहतंय कुठे माझ्यापाशी? ऊन पिऊन टाकतं. पाचोळ्याने पांघरूण घातलं, तर पाणी देते."

लुटूलुटू, लुटूलुटू.

पाचोळा होता पोत्यात कोंबलेला. फिरायला येणाऱ्यांनी टेकडी झाडली होती, लख्ख दिसावी म्हणून.

"पाचोळ्या रे पाचोळ्या, पांघरूण घाल. माती पाणी देईना, रुई पान देईना, माझी भूक जाईना!"

पाचोळा आतून म्हणाला, "बाहेर येऊ कसा? खारीने पोतं कुरतडलं, तर पांघरूण घालतो."

लुटूलुटू, लुटूलुटू.

"खारूताई, खारूताई, पोतं कुरतड. पाचोळा पांघरूण घालेना, माती पाणी देईना, रुई पान देईना, माझी भूक जाईना!"

खार म्हणाली, "पोत्याला टेकून मावशी बसलीय, हार ओवत. मला बाई भीती वाटते. मावशी उठली, तर पोतं कुरतडते."

लुटू... लुटू... अळी फार दमली. तरी मावशीच्या हातावर चढली.

"मावशी, मावशी, ऊठ. खार पोतं कुरतडेना, पाचोळा पांघरूण घालेना, माती पाणी देईना, रुई पान देईना, माझी भूक जाईना!"

मावशीने अळीकडे पाहिलं. मग हाराकडे पाहिलं.

"अगं बाई! तुझं ताट मीच उचलून आणलं व्हय?"

मावशीला फार वाईट वाटलं. तिने हारातलं एक पान काढलं. "घे. तोवर एवढं खा."

आणि मावशी उठली!

मावशी उठली, खारीने पोतं कुरतडलं. कुरुम कुरुम.
पोतं कुरतडलं, पाचोळ्याने पांघरूण घातलं. सळसळ सळसळ.
पांघरूण घातलं, मातीने पाणी दिलं. टिप टिप.
पाणी दिलं, रुईने पान दिलं. एक इवलं, मग दुसरं.
पान दिलं, अळीने खाल्लं. कच कच कच!

मावशी देवळात गेली. मारुतीला म्हणाली, "देवा, आज हारात एक पान कमी हाय. पोर उपाशी होती."

अळी पोटभर जेवली. हिरव्या कोषात झोपली, गुडूप. उठली तर काय! केशरी केशरी फुलपाखरू!

आता मावशी सगळी पानं खुडत नाही. शेंड्याची पानं झुडपालाच ठेवते. हारात एका पानाची जागा रिकामी सोडते.

एका शनिवारी फुलपाखरू आलं. भिर भिर भिर. हारातल्या त्या रिकाम्या जागी अलगद बसलं.

मावशी म्हणाली, "देवा, भरला बघ तुझा हार."