विहिरीच्या दोराचा पीळ

हत्यारं माणसांदेखत बोलायला अजून लाजत नव्हती, तेव्हाची गोष्ट. रेणुका नावाची एक बाई सूत, लोकर, अंबाडी जे मिळेल ते विणून भिंतीवर टांगायची चित्रं करायची. एकदा तिने विहिरीवरचा जुना दोर आणून उकलला. दोर सुटला, पण त्याचा धागा न् धागा नागमोडीच राहिला.

तिची लोखंडी फणी वैतागली. "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो हाच. बाई, याला भिजवून माझ्याकडे द्या. सरळ करते."

"घागरी ओढून ओढून अंगात मुरलाय तो," दोर म्हणाला. "राहू दे ना."

"चित्रात असं वेडंवाकडं चालत नाही रे," रेणुका म्हणाली.

तिने अर्धा दोर भिजवला आणि हात दुखेपर्यंत विंचरला. धागे रेशमासारखे सुळसुळीत झाले. फणीने तर स्वतःची पाठच थोपटून घेतली. रेणुकाने त्यांचं चित्र विणून भिंतीवर टांगलं, तर धागे एकमेकांतून निसटत निसटत खाली आले आणि जमिनीवर ढीग झाला. एकमेकांना धरून ठेवील असं त्यांच्यात काही उरलंच नव्हतं.

रेणुकाने तो ढीग बाजूला सारला. मग तिने फणी खाली ठेवली आणि उरलेला अर्धा दोर, होता तसाच, विणायला घेतला. या वेळी एकही धागा सुटला नाही.

प्रदर्शनात एक म्हातारे गृहस्थ त्या चित्रापुढे थबकले. म्हणाले, "पाण्यावरच्या लाटा काय सुरेख जमल्यात तुम्हाला."

"त्या आधीपासूनच होत्या," रेणुका म्हणाली. "मी पुसायला निघाले होते."