नायिकेच्या डोक्यावरचा पदर

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या, शब्दही साधेच आहेत.

हणमंत जुन्या सिनेमांच्या ग्रुपवर गमतीची चित्रं टाकायचा. त्याचे मित्र काय ते तिथलेच. एकदा त्यानं नवऱ्यामागून पदर सावरत चालणाऱ्या नायिकेची थट्टा केली आणि खाली लिहिलं, "तरी सिनेमा लाडका!"

ग्रुप चालवणारे केळसकर सर भडकले. "असला मागास सिनेमा लाडका? माफी माग, नाहीतर ग्रुपबाहेर काढतो!"

हणमंतानं सरांनीच ग्रुपवर टाकलेला त्यांच्या लग्नाचा फोटो शोधून पुन्हा टाकला. सर ऐटीत पुढे, काकू डोक्यावर पदर घेऊन मागे. "सर, हा पण काढायचा का?"

"अरे, तो काळच तसा होता!"

"सिनेमाही त्याच काळातला आहे, सर."

काकूही ग्रुपवर होत्या; सगळ्यांत आधी त्यांचाच हसरा इमोजी उमटला. सरांनी माफीचा विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंतानं नवं चित्र टाकलं. नायिका पुढे, नायक भाजीची पिशवी घेऊन मागे. खाली लिहिलं, "खास काकूंसाठी."